पायाखालची डबी की पाठीमागचं कपाट? गिटारच्या आवाजाची साठ वर्षं

आजचा भाग गिटारवाल्यांसाठी आहे, पण गिटार न वाजवणाऱ्यांनीही लगेच पळू नका. एक यंत्र दुसऱ्याला बाजारातून हाकलतं आणि काही वर्षांनी हाकललेलं यंत्रच जिंकणाऱ्याच्या पोटात जाऊन बसतं, अशी ही गोष्ट आहे. हेडफोन असतील तर लावा. मी ज्या गाण्यांची नावं घेईन ती नंतर नक्की ऐका.

आधी प्रश्न समजून घेऊ. तुम्ही इलेक्ट्रिक गिटार घेतली, एक छोटा अ‍ॅम्प घेतला. तार छेडली तर आवाज येतो टिचकी मारल्यासारखा, कोरडा. गाण्यातल्यासारखा येत नाही. तो आणायचे दोन रस्ते. पहिला रस्ता पेडलचा. पेडल म्हणजे धातूची छोटी डबी, वर दोन-तीन नॉब, पायाने दाबायचं एक बटण. एक डबी, एक काम. दुसरा रस्ता रॅकचा. रॅक इफेक्ट म्हणजे १९ इंच रुंदीचं डिजिटल यंत्र. ते लोखंडी चौकटीच्या कपाटात स्क्रूने बसवतात आणि त्यात अनेक आवाज आधीच भरलेले असतात. आज दुकानात या दुसऱ्या रस्त्याला मल्टी-इफेक्ट किंवा मॉडेलर म्हणतात. यंत्राचा आकार बदलला, भांडण तेच आहे.

या भांडणात एक वाक्य हमखास येतं: अ‍ॅनालॉग म्हणजे ऊबदार, डिजिटल म्हणजे थंड. मला ते अर्धवट वाटतं. इतिहास नीट पाहिला तर लोकांनी पेडल किंवा रॅक निवडला तो कानापेक्षा कामामुळे. कोण वाजवतंय, कुठे वाजवतंय, पैसे कोण देतंय, सामान कोण उचलतंय, यावर ते ठरलं. कसं ते बघू.

बिघाडातून जन्मलेली डबी

अमेरिकेतलं नॅशव्हिल, १९६० चा शेवट. कंट्री गायक मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं रेकॉर्ड होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडला. आवाज फाटला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायला लागला. पण तो बिघाड ऐकायला इतका भन्नाट होता की तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं.

मग इतर कलाकारही तोच आवाज मागायला लागले. तोवर तो चॅनेल पार मेला होता. म्हणून रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर वापरून तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट बनवलं आणि ते गिब्सन कंपनीला दिलं. १९६२ मध्ये ते 'मॅएस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आलं. पायाने चालू-बंद करायची फझची डबी दुकानात मिळायला लागली ती इथून.

गंमत म्हणजे गिब्सनने ती विकली कशी? 'यातून गिटार तुतारीसारखी वाजेल, चेलोसारखी वाजेल' असं सांगून! लोकांना ते पटलं नाही, डब्या पडून राहिल्या. मग १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' आलं. त्यातली सुरुवातीची गिटार कीथ रिचर्ड्सने फझ-टोनमधून वाजवली होती आणि त्याच्या डोक्यात ती फक्त खूण होती. पुढे त्या जागी ब्रासची वाद्यं येणार होती. ती आलीच नाहीत. गाणं तसंच बाहेर पडलं आणि पडून राहिलेल्या डब्या दुकानांतून संपल्या.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, लंडनच्या आर्बिटर कंपनीने गोल आकाराचा 'फझ फेस' काढला, जो जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली प्रसिद्ध झाला. तो उघडून पाहिलात तर हसू येईल. दोन ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर, दोन नॉब. सगळे मिळून डझनभर भाग. पण हे साधं सर्किट गिटारशी थेट जोडलेलं असल्यामुळे एक जादू होते. गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब किंचित मागे फिरवला की फाटका आवाज साफ होत जातो. म्हणजे पायाने डबी चालू ठेवायची आणि करंगळीने आवाज घडवायचा.

याला दुसरी बाजूही आहे. सुरुवातीच्या फझमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असायचे आणि ते तापमानाला हळवे असतात. उष्णता वाढली की त्यातून गळणारा करंट वाढतो आणि आवाज बदलतो. मे महिन्यात चंद्रपूरला उघड्या स्टेजवर असा फझ ठेवलात तर साउंड चेकचा आवाज आणि रात्रीचा आवाज जुळेलच याची खात्री नाही. हेच दुखणं लक्षात ठेवा, कारण रॅक त्याच्यावरचा इलाज म्हणून आला.

टेलिफोनच्या कपाटातून स्टुडिओत

ती १९ इंचाची चौकट संगीतासाठी बनलेलीच नव्हती. ती टेलिफोन एक्स्चेंजमधली. तिथले रिले एकावर एक रचायला हे माप ठरलं, मग रेडिओ केंद्रांनी ते घेतलं, मग रेकॉर्डिंग स्टुडिओंनी. एका खणाची उंची पावणेदोन इंच, तिला म्हणतात एक 'यू'. आजही सर्व्हर रूममधले संगणक याच मापाच्या चौकटीत बसतात. तुम्ही आत्ता हा भाग ज्या सर्व्हरवरून ऐकताय, तोही बहुतेक अशाच रॅकमध्ये आहे.

स्टुडिओची मोठी अडचण होती घुमाऱ्याची, म्हणजे रिव्हर्बची. गाणं मोठ्या सभागृहात गायल्यासारखं वाटायला हवं तर सभागृह हवं. किंवा मग जर्मन कंपनी ईएमटीचा 'प्लेट' हवा. लाकडी खोक्यात टांगलेला पोलादी पत्रा, वजन अडीचशे किलोच्या वर! त्याच ईएमटीने १९७६ मध्ये बॅरी ब्लेसर यांच्या कामातून 'ईएमटी २५०' हा डिजिटल रिव्हर्ब आणला. १९७८ मध्ये अमेरिकेत लेक्सिकॉनचा '२२४' आला, तो घडवला डेव्हिड ग्रीसिंजर या भौतिकशास्त्रज्ञाने. त्याआधी १९७५ मध्ये इव्हेंटाइडचा 'हार्मोनायझर' बाजारात आला होता. सूर न थांबवता त्याची पट्टी वरखाली करणारं यंत्र. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने डेव्हिड बोवीच्या १९७७ च्या 'लो' अल्बममध्ये ते ड्रमवर लावलं. तो ड्रमचा खाली घसरत जाणारा आवाज एकदा ऐकाच.

ही यंत्रं सुरुवातीला इतकी महाग का होती? उत्तर आहे मेमरी. डिजिटल डिले म्हणजे दुसरं काय, आवाजाचे आकडे करायचे, ते साठवायचे आणि थोड्या वेळाने परत सोडायचे. यामाहाचा 'एसपीएक्स-९०' घ्या, १९८५ चा. तो एका सेकंदात आवाजाचे ३१,२५० नमुने घ्यायचा, प्रत्येक नमुना १६ बिटचा, म्हणजे दोन बाइट. गुणाकार करा: एका सेकंदासाठी ६२,५०० बाइट. तुम्ही सकाळी घरच्या ग्रुपवर पाठवलेला 'शुभ सकाळ'चा फोटो याहून मोठा असतो! पण १९७० च्या दशकात एवढी मेमरी चैनीची वस्तू होती. चिप स्वस्त होत गेल्या तसं हे यंत्र मोठ्या स्टुडिओतून साध्या वादकाच्या हाती आलं. एसपीएक्स-९० एकाच 'यू'चा होता. त्यात ३० आवाज कंपनीने भरलेले आणि ६० जागा तुमच्यासाठी रिकाम्या. नावातले ९० ते हेच.

तीन तासांची शिफ्ट आणि फ्रिजएवढा रॅक

आता माणसांकडे येऊ. १९८० च्या दशकातलं लॉस एंजेलिस. इथे सेशन गिटारवादक नावाची जमात होती. सकाळी जाहिरात, दुपारी सिनेमा, रात्री कुणाचा तरी अल्बम. स्टीव्ह लुकाथर त्यातलाच. स्वतःचा टोटो बँड सांभाळून मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'वरही वाजवणारा. आपल्याकडे मुंबईत सिनेसंगीताच्या वादकांचं आयुष्य असंच शिफ्टवर चालायचं, त्यामुळे हे चित्र आपल्याला परकं नाही.

अशा माणसाला संगीतकार म्हणतो, 'मागच्या आठवड्यात जो आवाज दिला होतास ना, तोच दे.' आणि घड्याळ चालू असतं. आठ डब्यांचे चोवीस नॉब मागच्या आठवड्यात कुठे होते, कोण लक्षात ठेवणार? चिकटपट्टीवर खुणा करणार? रॅकमध्ये फक्त आकडा दाबायचा, प्रोग्रॅम ३४, की तोच आवाज हजर. १९८३ मध्ये 'मिडी' नावाची यंत्रांची सामाईक भाषा आली आणि मग पायाच्या एका बटणाने पाच यंत्रं एकदम आपापल्या प्रोग्रॅमवर जायला लागली.

हे सगळं जुळवून देणारा कारागीर म्हणजे बॉब ब्रॅडशॉ. त्याने लुकाथर, मायकल लँडॉ वगैरे मंडळींसाठी स्विचिंग सिस्टिम बांधल्या. रॅक मागे उभा, वादकासमोर फक्त बटणांची पट्टी. ब्रॅडशॉने पेडल फेकून दिली नाहीत, हे महत्त्वाचं. त्याने ती रॅकच्या खणात ठेवली आणि दुरून चालू-बंद केली. पायाखालची डबी कपाटात गेली, एवढंच. या कपाटांना लोक फ्रिज म्हणायचे, इतकी ती उंच. वादक ती उचलायचाही नाही. सामान वाहणाऱ्या कंपनीचा ट्रक यायचा आणि वादकाच्या आधी त्याचा रॅक स्टुडिओत पोचायचा.

आलं लक्षात? रॅक जिंकला कारण लोक 'तोच आवाज पुन्हा' या गोष्टीचे पैसे देत होते. आणि ट्रकचेही.

सगळं कपाटात का मावलं नाही

तरीही एक गोष्ट रॅकला नीट जमेना: डिस्टॉर्शन. याचं कारण तांत्रिक आहे, पण सोपं आहे.

डिले, रिव्हर्ब, कोरस ही कामं म्हणजे मुख्यतः साठवणं, उशिरा सोडणं आणि मिसळणं. आकड्यांना ते छान जमतं. डिस्टॉर्शन म्हणजे लाट चिरडणं. चिरडली की तिच्यातून नवे, वरचे सूर जन्मतात. डिजिटल यंत्राने सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या निम्म्याहून जास्त कंपनसंख्येचे सूर आले की ते मावत नाहीत, दुमडून खाली येतात आणि बेसूर किरकिर करतात. यातून सुटायला कितीतरी पट जास्त आकडेमोड हवी. १९८५ च्या चिपमध्ये ती ताकद नव्हती. त्यामुळे टेक्सासचा स्टीव्ही रे वॉन ऐन रॅकच्या काळातही आयबानेझची हिरवी 'ट्यूब स्क्रीमर' पायाखाली ठेवून वाजवत राहिला.

दुसरी अडचण पातळीची. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अशक्त असतो. स्टुडिओचं यंत्र त्याहून बराच तगडा सिग्नल मागतं, ज्याला लाइन लेव्हल म्हणतात. गिटार सरळ अशा यंत्रात खुपसली की आवाज मेंगळट आणि खरखर जास्त. कॉर्गच्या 'एसडीडी-३०००' या डिले यंत्रात पातळी बदलायची सोय होती, म्हणून त्यात गिटारही घालता यायची. यूटूच्या एजने ती सोय पुरेपूर वापरली. आधी तो इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं 'डिलक्स मेमरी मॅन' पेडल वापरायचा, पुढे हा कॉर्ग त्याची ओळख बनला. डिले बंद असतानाही त्या यंत्राच्या प्रीअ‍ॅम्पमधून गेलेली गिटार त्याला आवडायची. डिजिटल यंत्र, पण प्रेम त्याच्या अ‍ॅनालॉग दारावर! ऊबदार-थंड वाद इथेच लंगडा पडतो.

१९९१ चे दोन अल्बम

रॅक कसा संपला याची एक लोककथा आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला, फाटक्या स्वेटरातल्या कर्ट कोबेनने बॉसचं नारिंगी 'डीएस-१' दाबलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे फ्रिज भंगारात गेले. ऐकायला मस्त आहे. डीएस-१ खरंच होतं. 'कम अ‍ॅज यू आर'मधला पाण्यासारखा आवाजही 'स्मॉल क्लोन' या पेडलचा. पण कोबेनचा स्टेजवरचा प्रीअ‍ॅम्प मेसा बूगीचा होता, आणि तो रॅकमध्ये बसवलेला होता.

आता दुसरा अल्बम, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस'. या संगीताला 'शूगेझ' म्हणतात, कारण वादक मान खाली घालून पायाशी, पेडलकडे बघत वाजवायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, केव्हिन शील्ड्सने डब्यांचा डोंगर रचला असणार. पण त्या तरंगत्या आवाजाचं एक मोठं गुपित म्हणजे ट्रेमोलोचा दांडा सतत हलवणारा हात आणि यामाहा एसपीएक्स-९० चा उलटा रिव्हर्ब. म्हणजे बुटांकडे बघणाऱ्यांच्या सगळ्यात गाजलेल्या अल्बमचं गुपित कपाटात होतं.

मग खरं काय बदललं? काम बदललं. छोट्या क्लबमध्ये, स्वतःच्या व्हॅनने फिरणारे बँड पुढे आले. त्यांना तोच आवाज हुबेहूब देण्याचे पैसे कुणी देत नव्हतं, आणि ट्रकचे तर नाहीच नाही. त्यात रॅकच्या हव्यासात लोकांनी टाकून दिलेली जुनी पेडल सेकंड हँड दुकानात मातीमोल मिळत होती. गरिबीने निवड केली आणि पुढे त्या निवडीला शैली म्हटलं गेलं.

कपाट पुन्हा जमिनीवर

रॅक मात्र मेला नाही, आक्रसला. याची चाहूल १९८३ मध्येच लागली होती. बॉसने 'डीडी-२' काढलं, मुठीएवढ्या डबीतला डिजिटल डिले. आत होती रोलंडच्या 'एसडीई-३०००' या रॅक यंत्रासाठी घडवलेली चिप. डिले ८०० मिलिसेकंदांपर्यंत. फक्त ९ व्होल्टची बॅटरी गटागटा प्यायचं.

पुढे चिप आणखी लहान आणि ताकदवान झाल्या. हार्मोनायझरवाल्या इव्हेंटाइडने २००० च्या दशकात 'टाइमफॅक्टर' नावाचं पेडल काढलं. कॉर्गने २०१४ मध्ये एसडीडी-३००० चं पेडल केलं, बॉसने २०२३ मध्ये एसडीई-३००० चं. तिकडे फ्रॅक्टलच्या 'अ‍ॅक्स-एफएक्स'ने २००६ मध्ये उलटा प्रवास केला. डिस्टॉर्शनसकट अख्खा अ‍ॅम्प आकड्यांत बसवला आणि तो रॅकमध्ये आणला. जे १९८५ ला जमत नव्हतं ते आता जमायला लागलं. लुकाथरसारखा फ्रिजवाला माणूस पुढे साध्या पेडलबोर्डवर आला. म्हणजे आज तुम्ही दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी दुसऱ्याचा थोडा वारसा घरी नेताच.

मग घ्यायचं काय?

मला हा प्रश्न कुणी विचारला की मी आवाजाबद्दल बोलतच नाही. तीन उलट प्रश्न विचारतो.

पहिला: एका कार्यक्रमात किती वेगळे आवाज लागतात? ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या बँडमध्ये किंवा लग्नाच्या संगीत रात्रीत वाजवत असाल तर दर चार मिनिटांनी गाणं बदलतं आणि आवाजही. तिथे मल्टी-इफेक्टला तोड नाही. तुम्ही आजचे सेशन वादक आहात. स्वतःची गाणी करत असाल तर तीन पेडल पुष्कळ झाली: एक ओव्हरड्राइव्ह, एक डिले आणि एक तुमच्या वेडाचं.

दुसरा: बोटांनी काय करायचंय? व्हॉल्यूमचा नॉब फिरवून, तार हळू-जोरात छेडून डिस्टॉर्शन घडवायची सवय लावायची असेल तर त्यासाठी एक साधं अ‍ॅनालॉग पेडल जवळ असू द्या. शिकताना ते शिक्षकासारखं वागतं, चूक लपवत नाही. डिले-रिव्हर्ब मात्र खुशाल डिजिटल घ्या.

तिसरा: बिघडलं तर? डझनभर भागांचा फझ गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणाराही उघडू शकतो. जुन्या रॅकची खास चिप गेली तर दुसरं मेलेलं यंत्र शोधूनच ती काढावी लागते. एसपीएक्स-९० मध्ये तुमचे ६० आवाज जपणारी एक छोटी बॅटरी असते. ती संपली की तुम्ही भरलेलं सगळं पुसलं जातं. आणि परदेशातून आलेलं सेकंड हँड यंत्र घेताना मागची पट्टी वाचा. अमेरिकेतलं १२० व्होल्टचं, जपानमधलं १०० व्होल्टचं, आपला सॉकेट २३० चा. सरळ लावलंत तर इफेक्ट एकच येईल, धुराचा.

अजून एक. डिजिटल यंत्र आवाजाचे आकडे करून परत आवाज करायला थोडा वेळ घेतं. एक मिलिसेकंद म्हणजे अ‍ॅम्पपासून ३४ सेंटिमीटर मागे सरकणं. एका यंत्राने काही कळत नाही. पण फोन, ब्लूटूथ हेडफोन, त्यात अ‍ॅप अशी साखळी लावलीत तर अ‍ॅम्प शेजारच्या इमारतीत ठेवल्यासारखं वाटेल. फोनवर सराव करायचा तर वायरचे हेडफोन वापरा.

रॅकने आपल्याला आवाज लक्षात ठेवायला शिकवलं, पेडलने आवाजावर हात ठेवायला. पैसे मोजायच्या आधी स्वतःला विचारा, माझ्या वाजवण्यात यातलं काय कमी पडतंय? उत्तर 'काहीच नाही, रियाज कमी पडतोय' असं आलं, तर या महिन्याचे पैसे वाचले म्हणून खूश व्हा.

आता 'डोन्ट वरी', 'सॅटिस्फॅक्शन' आणि 'लव्हलेस' याच क्रमाने ऐका. तीस वर्षांचा प्रवास तासाभरात होईल. आवडलं तर एखाद्या गिटारवाल्या मित्राला पाठवा, विशेषतः जो दर महिन्याला नवीन पेडल घेतो त्याला. भेटू पुढच्या भागात!